पंधरा हजारांची दोन कलमे : न्यू जर्सीच्या वाहनविम्याची पार्श्वभूमी

१ जानेवारी २०२६ पासून न्यू जर्सीत साध्या खासगी गाडीच्या स्टँडर्ड पॉलिसीत लायबिलिटीची, म्हणजे आपल्या चुकीने दुसऱ्याचे नुकसान झाले तर विम्याने द्यायच्या भरपाईची, किमान मर्यादा एका जखमी माणसामागे ३५,००० डॉलर, एका अपघातामागे ७०,००० आणि मालमत्तेच्या नुकसानीला २५,००० अशी झाली. २०२२ साली झालेल्या कायद्याचा हा दुसरा टप्पा. पहिला टप्पा २०२३ च्या सुरुवातीला आला आणि तेव्हा आकडे २५, ५०, २५ हजार झाले. त्याआधी ते १५, ३०, ५ हजार होते, आणि कित्येक दशके तसेच पडून होते. एडिसन, प्लेन्सबरो, जर्सी सिटी या भागांतल्या मराठी घरांत रिन्यूअलची पत्रे आल्यावर प्रीमियम का वाढला असा प्रश्न निघाला. उत्तराचा थोडा भाग या बदलात आहे. पण पत्राच्या दुसऱ्या पानावर आणखी एक १५,००० असतो, आपल्या स्वतःच्या उपचारखर्चाचा. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. त्याची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि तिच्याबद्दल बोलले जाते फार कमी.

विम्याचे नियम दर राज्यात वेगळे का, याचे मूळ एकोणिसाव्या शतकात आहे. १८६९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विम्याचा करार हा आंतरराज्य व्यापार नव्हे असे ठरवले, म्हणून नियमन राज्यांकडे गेले. १९४४ मध्ये त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला, तर १९४५ मध्ये अमेरिकी संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा करून तो अधिकार राज्यांकडेच ठेवला. गाडीचा विमा सक्तीचा करणारे पहिले राज्य मॅसॅच्युसेट्स. तिथला कायदा १९२७ पासून लागू झाला. न्यूयॉर्क आणि नॉर्थ कॅरोलायना यायला पुढची तीस वर्षे लागली. न्यू हॅम्पशायर अजूनही सक्ती करत नाही. व्हर्जिनियात ५०० डॉलर भरून विम्याशिवाय गाडी चालवायची मुभा होती, ती २०२४ च्या जुलैत संपली.

न्यू जर्सीचा खरा गुंता १९७० च्या दशकात सुरू होतो. अपघातात चूक कुणाचीही असो, जखमी माणसाचा उपचारखर्च त्याच्या स्वतःच्या विमा कंपनीने द्यायचा आणि त्याच्या बदल्यात खटले कमी करायचे, या ‘नो-फॉल्ट’ विचाराला तेव्हा बरीच राज्ये राजी झाली. न्यू जर्सीचा कायदा १९७२ चा, अंमल १९७३ पासून. पॉलिसीवर पीआयपी (पर्सनल इंज्युरी प्रोटेक्शन) म्हणून उपचारखर्चाचे जे कलम दिसते ते याच व्यवस्थेतून आले. सुरुवातीला त्यात उपचारखर्चाला वरची मर्यादाच नव्हती. डोक्याला मार लागून कुणी आयुष्यभर अंथरुणाला खिळला तरी खर्च विम्यातून होत असे. खटले मात्र फारसे थांबले नाहीत, कारण उपचाराचे बिल २०० डॉलरच्या पुढे गेले की वेदनेबद्दल भरपाई मागता येत होती, आणि २०० डॉलर ही रक्कम गाठायला वेळ लागत नसे.

प्रीमियम वाढत गेला. कंपन्या चालकांना नाकारू लागल्या. नाकारलेल्यांना सामावून घ्यायला राज्याने १९८३ च्या कायद्याने एक सामाईक पूल, म्हणजे एकत्रित विमा-योजना, उभा केला. भरीव कल्पना होती, पण दर खर्चापेक्षा कमी ठेवले गेले. काही वर्षांतच राज्यातले जवळजवळ निम्मे चालक त्या पुलात होते आणि त्याची तूट तीन अब्ज डॉलरच्या वर गेली. १९९० च्या कायद्याने तो मोडीत काढला, तेव्हाची तूट भरायला कंपन्यांवर आणि चालकांवर आकार बसले. त्याच कायद्याने अमर्याद उपचारखर्च संपवून २,५०,००० डॉलरची कमाल मर्यादा घातली. त्याआधी १९८८ मध्ये खटल्यांचा निकष बदलला होता. ग्राहकाने पॉलिसी घेतानाच ठरवायचे : वेदनेच्या भरपाईसाठी खटल्याचा पूर्ण हक्क ठेवायचा आणि जास्त पैसे भरायचे, की हक्कावर मर्यादा स्वीकारून कमी भरायचे. काहीच ठरवले नाही तर मर्यादा लागू. आजही फॉर्मवर ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ नावाची जी चौकट असते ती हीच, आणि बहुसंख्य लोक तिच्यातच आहेत. आपण नक्की काय सोडले हे त्यांतल्या पुष्कळांना अपघात झाल्यावर कळते.

१९९७ ची गव्हर्नरपदाची निवडणूक वाहनविम्याच्या दरांभोवती फिरली आणि निकाल अगदी थोडक्या फरकाने लागला. पुढच्याच वर्षी प्रीमियम १५ टक्के उतरवण्याचे वचन देणारा कायदा आला. सरसकट स्वस्त करायचे तर कुठेतरी कापावे लागणार होते. १९९८ च्या त्या कायद्याने दोन ठिकाणी कापले. एक, ‘बेसिक’ नावाची नवी पॉलिसी काढली, जिच्यात दुसऱ्याच्या शारीरिक इजेची लायबिलिटी मुळात नसतेच. हवी असेल तर वरून १०,००० डॉलरची घेता येते. म्हणजे ही पॉलिसी असलेल्या गाडीने एखाद्याचा पाय मोडला तर कायद्याने विमा आहे, पण भरपाई द्यायला त्यात एक डॉलर नाही. दुसरे, स्टँडर्ड पॉलिसीतल्या पीआयपीची मर्यादा २,५०,००० वरून १,५०,०००, ७५,०००, ५०,००० किंवा १५,००० पर्यंत खाली आणण्याची मुभा ग्राहकाला दिली. मेंदू, मणका यांसारख्या फार गंभीर इजांना मात्र खालची मर्यादा निवडली तरी अडीच लाखच मिळतात.

ही मुभा कायद्यात आली, पण एका प्रश्नाचे उत्तर तिच्यात स्पष्ट लिहिलेले नव्हते. माणसाने १५,००० ची पीआयपी निवडली. चूक दुसऱ्या चालकाची. उपचाराचे बिल ४०,००० डॉलर झाले. वरचे २५,००० कुणाचे? त्याच्या कंपनीचे नाहीत, तिने १५,००० देऊन हात झटकले. दोषी चालकाकडून मागता येतील का? ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ची अट वेदनेच्या भरपाईला लागते, प्रत्यक्ष झालेल्या खर्चाला नाही, असा बहुतेकांचा समज होता. पण कायद्यात दुसरे एक कलम होते : पीआयपीमधून मिळालेली किंवा मिळू शकणारी रक्कम खटल्यात पुरावा म्हणून मांडता येणार नाही. ‘मिळू शकणारी’ म्हणजे त्या माणसाच्या स्वतःच्या पॉलिसीतून मिळू शकणारी १५,०००, की कायद्याने कमाल मिळू शकली असती ती २,५०,०००?

वीस वर्षे हा प्रश्न वेगवेगळ्या न्यायालयांत घोळत राहिला. दोन जखमींची प्रकरणे एकत्र होऊन २०१९ च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. अपील न्यायालयाने जखमींच्या बाजूने कौल दिला होता, तो फिरवला. कमी मर्यादा निवडलेल्यांना १५,००० ते २,५०,००० यांमधला खर्च दोषी चालकाकडून मागता येणार नाही, असे ठरले. तर्क असा : नो-फॉल्टची सारी रचना खटले कमी करण्यासाठी उभारली गेली, आणि स्वस्त पर्याय देताना विधिमंडळाला उपचारखर्चाचे नवे खटले उघडायचे होते असे कायद्याच्या भाषेतून नीट दिसत नाही. तसे हवे असेल तर विधिमंडळाने स्पष्ट सांगावे.

कायद्याचा अर्थ लावण्यापुरता हा तर्क सुसंगत आहे. पण ज्या माणसांवर तो पडत होता त्यांचा विचार करा. १५,००० कोण निवडतो? महिन्याला वीस-तीस डॉलर वाचले तर ज्याला फरक पडतो तो. गोदामात दोन पाळ्या करणारा, नुकताच देशात आलेला, जुनी कॅमरी घेऊन रोज टर्नपाइकवरून जाणारा. स्वस्त पर्याय त्याच्यासाठीच काढला होता आणि दुसऱ्याच्या चुकीचा बोजा त्याच्याच डोक्यावर राहिला. दोषी चालकाच्या कंपनीला मात्र या निकालाने पैसे वाचत होते, आणि ते कशाबद्दल, तर समोरच्याने स्वतःच्या पॉलिसीत काय निवडले होते याबद्दल. याचे समर्थन मला कधी पटले नाही.

विधिमंडळाने या वेळी उशीर केला नाही. १ ऑगस्ट २०१९ रोजी कायदा झाला आणि पीआयपीच्या वरचा न भागलेला उपचारखर्च दोषी चालकाकडून मागण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत मिळाला. वसुली ठरलेल्या वैद्यकीय दरपत्रकाच्या मर्यादेतच होते, हॉस्पिटलने छापलेल्या बिलाप्रमाणे नाही. विमा व्यवसायातून यावर टीका झाली, याने प्रीमियम वाढेल असे सांगितले गेले. जखमींच्या वकिलांनी स्वागत केले. त्यांचेही हितसंबंध यात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. तरी निर्णय योग्यच होता.

हक्क मिळाला म्हणजे पैसे मिळाले असे नाही. दोषी चालकाच्या पॉलिसीत एका माणसामागे तेव्हाचे किमान १५,००० च असले तर ४०,००० च्या बिलातले २५,००० तिथूनही पुरे निघत नसत, वेदनेची भरपाई तर दूरच. इथे पहिले १५,००० आणि दुसरे १५,००० एकमेकांत अडकतात. २०२२ च्या कायद्याकडे म्हणूनच २०१९ च्या दुरुस्तीचा उरलेला अर्धा भाग म्हणून पाहायला हवे. कॅलिफोर्नियानेही १९६७ पासूनचे १५, ३०, ५ हजार २०२५ च्या जानेवारीत ३०, ६०, १५ केले. सगळीकडे आक्षेप तोच होता, गरीब चालकाला विमा परवडणार नाही. ज्याला मेडिकेड, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांचा सरकारी आरोग्यविमा, आहे अशा चालकासाठी न्यू जर्सीत २००३ पासून दिवसाला एक डॉलर, म्हणजे वर्षाला ३६५ डॉलरची पॉलिसी आहे. तीत उपचारांपैकी तातडीचे उपचार आणि मेंदू-मणक्याच्या गंभीर इजा तेवढ्या भागतात. दुसऱ्याला इजा झाली तर तीतही काही नाही.

स्पर्धेचा काळ २००३ नंतर आला. दोनच वर्षांआधी एक बडी कंपनी राज्य सोडायला निघाली होती. नियम सैल झाल्यावर नव्या कंपन्या आल्या, एकाच गाडीसाठी चार ठिकाणचे कोट मागवणे सोपे झाले, आणि दर ठरवताना क्रेडिट स्कोअरसारख्या गोष्टी सर्रास धरल्या जाऊ लागल्या. कॅलिफोर्नियात आणि मॅसॅच्युसेट्समध्ये क्रेडिट धरायला बंदी आहे, इथे नाही. पुण्यात किंवा ठाण्यात पंधरा वर्षे गाडी चालवून आलेल्या माणसाला याची झळ दुहेरी बसते : इथला क्रेडिट इतिहास कोरा, आणि भारतातला अनुभव बऱ्याच कंपन्या मोजतच नाहीत. पहिल्या वर्षाचा कोट पाहून तो घाबरतो आणि फॉर्मवरच्या सगळ्या चौकटींत सर्वांत स्वस्त पर्याय टिकमार्क करतो. काहीच निवडले नसते तर पीआयपी कायद्याने अडीच लाखच राहिली असती. खाली आणायला सही लागते, आणि ती सही त्याचीच असते.

त्याला प्रीमियम कमी करायच्या जागा दुसरीकडे आहेत. जुन्या गाडीवरचे कोलिजन, म्हणजे धडकेत आपल्याच गाडीच्या नुकसानीचे कव्हर, काढता येते, डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण आधी भरायचा हिस्सा, ५०० वरून १,००० करता येतो. नोकरीचा आरोग्यविमा पीआयपीच्या आधी लावण्याचा पर्याय आहे, मात्र आधी एचआरकडून लेखी विचारून घ्यायला हवे, कारण नोकरदात्यांच्या काही योजना गाडीच्या अपघाताचा खर्च देत नाहीत. कमी विमा असलेल्या चालकाने धडक दिली तर उपयोगी पडणारे कव्हरेज आपल्या स्वतःच्या लायबिलिटीपेक्षा जास्त घेता येत नाही. त्यामुळे लायबिलिटी किमानवर ठेवली की आपलेही छत्र तेवढेच आखूड राहते.

लायबिलिटीचे १५,००० गेले. पीआयपीतले १५,००० हे १९९८ पासून आजतागायत स्टँडर्ड पॉलिसीतला कायदेशीर तळ आहेत.