पावसात ऐकू येईल अशी रिंगटोन

डबलबारीचं, म्हणजे दोन भजनी मंडळांच्या सामन्याचं रेकॉर्डिंग फोनात असलं, की त्यातला भजनाचा गजर कापून रिंगटोन करावीशी वाटतेच. मंडपात तो गजर छातीत घुमलेला असतो. फोनवर मात्र पखवाजाची धूम गायब होते आणि उरते ती टकटक, वर झांजांचा खणखणाट. रेकॉर्डिंगच भिकार म्हणून लोक नाद सोडतात. पण तीच फाईल इअरफोन लावून ऐका. धूम जागच्या जागी असते.

गोम आहे ती स्पीकरच्या आकारात. स्पीकरचा पडदा हवा ढकलतो, त्यातून आवाज होतो, आणि स्वर जितका खालचा तितकी जास्त हवा ढकलावी लागते. कंपनसंख्या निम्मी झाली, तर तेवढाच मोठा आवाज काढायला पडद्याला चौपट अंतर हलावं लागतं. ८०० हर्ट्झवरून (म्हणजे सेकंदाला ८०० कंपनांवरून) १०० हर्ट्झवर, म्हणजे तीन सप्तकं खाली उतरलं की हे अंतर ६४ पट होतं. मंडपातल्या कर्ण्यांच्या शेजारी जो मोठा बेसचा खोका ठेवतात, त्याचा पडदा हातभर रुंद असतो आणि दिसेल इतका हलतो. फोनमधला पडदा नखाएवढा आणि त्याला पुढेमागे व्हायला मिलिमीटरभर जागाही धड नसते. साधारण ३००-४०० हर्ट्झच्या खालचं सगळं तो जवळजवळ गिळूनच टाकतो.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक थापतात ती आवाज खाली उतरावा म्हणूनच. त्यामुळे फोनवर पहिला बळी त्याच तोंडाचा जातो. उजव्या तोंडाची गोष्ट वेगळी. साध्या ढोलावर थाप मारली, तर निघणाऱ्या निरनिराळ्या कंपनांचा आपसात मेळ नसतो. आवाज येतो, पण सूर नाही. उजव्या तोंडावरच्या शाईच्या, म्हणजे मधल्या काळ्या लेपाच्या थरांमुळे हा मेळ बसतो आणि कंपनसंख्या एकमेकींच्या जवळपास दुप्पट, तिप्पट, चौपट अशा होतात. सी. व्ही. रामन कलकत्त्यात असताना त्यांनी हे तपासलं आणि १९२० मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात एका सहकाऱ्यासोबत त्यावर टिपण लिहिलं. प्रकाशाच्या विकिरणावरचं त्यांचं नोबेल सगळ्यांना पाठ असतं, मृदंग-तबल्यावरचं हे काम कुणी फारसं सांगत नाही.

या मेळाचा रिंगटोनला थेट फायदा होतो. पेटीच्या सुरातही असाच मेळ असतो. समजा तिच्यावर २४० हर्ट्झचा सा वाजतोय. त्यासोबत ४८०, ७२०, ९६० अशी कंपनंही निघतात. फोनच्या स्पीकरने मूळ २४० खाऊन टाकलं, तरी उरलेल्यांत २४०चं समान अंतर दिसतं आणि मेंदू त्यावरून हरवलेला सा स्वतःच भरून काढतो. म्हणून इवल्याशा फोनवरही चाल लगेच ओळखू येते. धुमेला असा आधार फारसा मिळत नाही.

मग झांज घ्यावी का? स्पीकरला ती आवडते, कारण तिचा आवाज वरच्या पट्टीत असतो. कानालाही २,००० ते ५,००० हर्ट्झमधला आवाज सगळ्यात सहज पोचतो. कानाची नळी अडीचेक सेंटिमीटर लांब, एका बाजूला पडद्याने बंद. तिच्यात तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा आवाज आपोआप वाढतो. कोरड्या दिवसांत, शांत घरात झांज उत्तमच.

पण कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बराचसा कुणाच्या ना कुणाच्या पत्र्यावर पडतो. पत्र्यावरच्या सरीचा आवाज एका सुराचा नसतो. खालपासून वरपर्यंत सगळी कंपनं त्यात मिसळलेली असतात. समुद्राच्या गाजेचंही तेच. आपला कान येणारा आवाज अरुंद पट्ट्यांत वाटून ऐकतो. एखादा सूर ऐकू यायला त्याने सगळ्या पावसाला हरवायची गरज नसते, आपल्या पट्टीतल्या पावसाला मागे टाकलं की पुरे. झांजेची ताकद मात्र पावसासारखीच, वरच्या पुष्कळ पट्ट्यांत विखुरलेली, त्यामुळे ती सरीत विरघळून जाते. सनईची ताकद ठरावीक कंपनांत एकवटलेली असते आणि त्यातला मोठा वाटा नेमका कानाला आवडणाऱ्या पट्टीत येतो. माझं मत विचाराल तर पावसाळ्यात सनई, ती नसेल तर पेटीच्या वरच्या सप्तकातला तुकडा. सूर तुटक, थांबून थांबून येणारे असले तर आणखी बरं. एकसारख्या आवाजाकडे मेंदू लवकरच दुर्लक्ष करू लागतो.

ट्रॉलरवरच्या खलाशाची अडचण वेगळी. इंजिनाची घरघर खालच्या पट्टीची, पण खालचे मोठे आवाज आपल्या वरच्या स्वरांनाही झाकतात. उलट वरचे आवाज खालच्यांना तेवढे झाकत नाहीत. त्यामुळे होडीवरही रिंगटोन घरघरीपासून जितकी वर तितकी चांगली. हर्णै बंदरातल्या मासळीच्या लिलावात माणसांचाच कल्ला असतो, तिथे माणसाचा गाता आवाज रिंगटोनला लावणं म्हणजे फोन न उचलण्याची सोय.

आता कापायचं कुठे? ‘ट्राय’ या दूरसंचार नियामकाने २०१९ मध्ये मोबाइलची घंटी ३० सेकंद वाजावी असं ठरवून दिलं. भजनी ठेका आठ मात्रांचा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर एक आवर्तन चार सेकंदांत होतं. म्हणजे सात आवर्तनं, २८ सेकंद. तुकडा समेवरून, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवरून उचला आणि समेच्या आधी संपवा. याहून छोटा घेतलात तर फोन तो पुन्हा सुरुवातीपासून वाजवतो आणि सांधा मात्रेच्या मध्येच पडला, तर ठेका प्रत्येक फेरीला अडखळतो. आलाप, निवेदन, ‘बोला पुंडलिक वरदे’ची तयारी हे सगळं गाळा. पहिल्या दोन सेकंदांत ओळख पटायला हवी.

कापल्याजागी ‘टक्’ असा आवाज येतो, कारण लाट शून्यावर नसताना मध्येच तोडली जाते आणि स्पीकरच्या पडद्याला एकदम उडी मारावी लागते. टोकांना दहाएक मिलिसेकंदांचा फेड दिला, म्हणजे आवाज हळूहळू चढवला-उतरवला, की तो जातो. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे होतं. तिथेच हाय-पास फिल्टर लावून ३०० हर्ट्झच्या खालचा भाग काढून टाका. फोन तो वाजवणार नाहीच, पण फाईलमधली आवाजाची मर्यादा तो उगाच अडवून बसतो. तो गेला की उरलेला आवाज नॉर्मलाईझ करून, म्हणजे मर्यादेपर्यंत वाढवून, बराच वर उचलता येतो.

मूळ फाईल मात्र शक्य तितकी पहिल्या हातची घ्या. सीडीवर सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती असते, साध्या एमपी३मध्ये १२८, म्हणजे अकरावा हिस्सा. एका आवाजाखाली दुसरा झाकला जातो हा पावसाचाच नियम वापरून, जे कानाला कळणारच नाही ते एमपी३ टाकून देतं. एकदा टाकलेलं परत येत नाही. तीच फाईल चार ग्रुपांतून फिरली आणि वाटेत पुन्हापुन्हा दाबली गेली, की झांज पाण्याखाली वाजल्यासारखी वाटू लागते. म्हणून सगळी कापाकापी एकाच बैठकीत करा आणि एमपी३ शेवटी एकदाच बनवा.

अँड्रॉइडवर ही फाईल रिंगटोन्सच्या फोल्डरमध्ये टाकून सेटिंगमधून निवडता येते. जुन्या सिस्टिमच्या आयफोनवाल्यांसाठी ती एएसी या प्रकारची करून फाईलच्या नावाच्या शेवटी एम-फोर-आर असं लावावं लागतं, किंवा गॅरेजबँड ॲपमधून ३० सेकंदांच्या आत बसवावी लागते. त्या खटपटीत फार काही विज्ञान नाही.

घरातल्या आजी-आजोबांच्या फोनला वरचं सगळं जसंच्या तसं लावू नका. वयाबरोबर ऐकू येणं आधी वरच्या पट्टीत कमी होतं, चार हजार हर्ट्झच्या पलीकडचं तर लवकर. त्यांना किणकिणणाऱ्या घंटेपेक्षा पेटीचा मधल्या सप्तकातला ठसठशीत तुकडा बरा, साधारण ५०० ते २,००० हर्ट्झमधला. तो लावल्यावर फोन पडवीत ठेवा, आजीला मागल्या दारी बसवा आणि जोराची सर आली की दुसऱ्या फोनवरून रिंग देऊन पाहा.