कार्पेट एरिया वेगळा, कार्पेट वेगळं

इंग्लंडात घर घेतलेल्या मराठी माणसाला कार्पेट एरिया शिकवायला नको. पुण्या-मुंबईच्या बिल्डरशी भांडून तो शिकूनच आलेला असतो. (रेरा या घरबांधणीच्या कायद्याच्या व्याख्येत फ्लॅटच्या आतल्या भिंतींची जाडीही त्यात धरलेली असते, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.) गंमत अशी की खरंखुरं कार्पेट अंथरायची वेळ आली की हेच ज्ञान आड येतं. टेप लावून खोली मोजायची, लांबी-रुंदीचा गुणाकार करायचा, कार्पेट बसवणाऱ्या फिटरच्या दराने गुणायचं आणि बिल हातात पडलं की ‘लुबाडलं’ म्हणून गळा काढायचा. हे मी इतक्या घरांत ऐकलंय की आता चहा संपायच्या आत कागद-पेन मागून घेतो.

कार्पेट हे कापड आहे. ब्लाउजपीस घेताना आधी पन्हा विचारतो ना, तसंच. इथल्या रोलचा पन्हा बहुधा 4 मीटर, काहींचा 5. दुकानदार लांबी हवी तेवढी कापून देतो, पन्हा मात्र अख्खा घ्यावा लागतो.

आमच्या लेस्टरच्या जुन्या टेरेस घरातली (म्हणजे रांगेत भिंतीला भिंत लागून असलेल्या घरातली, गच्चीवरची नव्हे) पुढची खोली घ्या: 3.4 बाय 4.6 मीटर, म्हणजे 15.64 चौरस मीटर. ही जमीन झाली. कार्पेट घ्यावं लागलं 4 मीटर पन्ह्याचं, 4.7 मीटर लांब, कारण कडेला कापायला थोडं जास्तीचं लागतंच. म्हणजे 18.8 चौरस मीटर. फरक तीन चौरस मीटरच्या वर. शिवाय 3.4 हे माप फायरप्लेसच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींपर्यंतचं. मधे धुराड्याचा फुगवटा पुढे आलाय, तिथे कार्पेट कापून जातं. पण पैसे त्या तुकड्याचेही पडतात. मापं घेताना फुगवट्यापर्यंत टेप लावून थांबलात तर कार्पेट कमी पडेल. दारात दार मिटल्यावर जिथे येतं तिथपर्यंत मोजा.

खोली 4.2 बाय 4.6 असती तर? 4 मीटरचा पन्हा कुठूनच पुरत नाही. 5 मीटरचा घेऊन 4.6 ची बाजू पन्ह्यात बसवली तर 4.3 मीटर लांबी पुरते, 21.5 चौरस मीटर. उलट फिरवलं तर 23.5. मग सगळे स्वस्तातलं का घेत नाहीत? कारण कार्पेटला मखमलीसारखी लव असते. शेजारच्या खोलीत लव एका दिशेला आणि इथे दुसऱ्या, असं झालं की दारातून बघताना दोन वेगळे रंग वाटतात. मी जास्तीचे पैसे देईन, पण लव एकाच दिशेला हवी. जोड मारून पैसे वाचवायचा सल्ला देणाऱ्यांशी तर मी बोलतच नाही.

आता मजुरी. समजा फिटरने चौरस मीटरला 6 पौंड सांगितले. आमच्या खोलीचे जमिनीच्या मापाने 93.84 पौंड, कार्पेटच्या मापाने 112.80. बरेच फिटर कार्पेटचं माप धरतात, कारण रोल वर चढवायचा, उलगडायचा, कापायचा तो अख्खा. काही जमिनीचं धरतात, काही खोलीमागे ठोक रक्कम सांगतात. तेव्हा ‘दर काय?’ याच्या आधी ‘कुठल्या मापावर?’ हे विचारा. तीन फिटरांचे दर शेजारी शेजारी मांडून स्वस्त कोण ते ठरवणाऱ्यांनी हा प्रश्न बहुतेक विचारलेलाच नसतो.

अंडरले, म्हणजे कार्पेटखाली अंथरायचा मऊ थर, मात्र जमिनीच्या मापानेच घ्यायचा. त्याचे तुकडे जोडून टेप मारतात, पन्ह्याची भानगड नाही. नेहमीचा रोल 15.07 चौरस मीटरचा येतो. फुगवटा आणि कडेची ग्रिपरची (कार्पेट धरून ठेवणारी खिळ्यांची) पट्टी वजा जाता आमची खोली एका रोलात जेमतेम झाली. कार्पेटच्या मापाने घेतला असता तर दुसरा रोल उगाच विकत आणला असता.

जिना वेगळा मोजतात, वळणाच्या पायऱ्यांना जास्त घेतात. जुनं कार्पेट उचलून नेण्याचे पैसे वेगळे. नव्या कार्पेटला दार अडायला लागलं तर ते खालून घासून द्यायला बरेच फिटर तयारच नसतात.

दुकानाची ‘फ्री फिटिंग’ फुकट नसते, ती कार्पेटच्या भावात मिसळलेली असते. येणारा माणूसही अनेकदा स्वतंत्र फिटरच असतो. फरक एवढाच की पैसे दुकानाला दिले तर काम बिघडल्यावर दुकानाला धरता येतं. दुकानाने नुसता नंबर देऊन पैसे फिटरला द्यायला लावले तर तुम्ही आणि तो. आणि एकट्या फिटरच्या बिलात व्हॅट दिसला नाही तर तो चोर ठरत नाही. 90,000 पौंडांच्या आत उलाढाल असलेल्याला नोंदणीची सक्ती नाही.

उरलेला तुकडा न सांगता उचलून नेतात, तो आधीच मागून ठेवा. आमचा 60 सेंटिमीटरचा लांबलचक पट्टा जिन्याखालच्या कपाटात बसला. गुडघ्याने किकर (कार्पेट ताणायचं अवजार) हाणत फिटरने तो पाच मिनिटांत ताणून दिला, आणि त्याचे पैसे न घेता दुसरा चहा मागितला.