ब्रिक्स (ऊसरसाचे मोजमाप)

ब्रिक्स म्हणजे द्रावणात विरघळलेल्या घन पदार्थांचे वजनी प्रमाण. १०० ग्रॅम द्रावणात १ ग्रॅम साखर असेल, तर ते १ अंश ब्रिक्स. जर्मन अभियंते अडॉल्फ ब्रिक्स (१७९८–१८७०) यांच्या नावाचे हे माप सांगली-साताऱ्याच्या ऊसपट्ट्यात इतके रुळले आहे, की कृष्णाकाठच्या बांधावरही ‘ब्रिक्स किती लागला?’ असे सहज विचारतात. तासगाव-मिरजेच्या द्राक्षबागांतही हेच माप चालते.

शेतात ब्रिक्स हातातल्या रिफ्रॅक्टोमीटरने पाहतात. कांडीला टोचा मारायचा, रसाचा थेंब काचेच्या लोलकावर टाकायचा, झाकण मिटायचे आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा. वरचा निळा आणि खालचा पांढरा भाग जिथे मिळतात, तो आकडा ब्रिक्स. रस दाट असला की प्रकाशकिरण जास्त वाकतो. २० अंश सेल्सिअसला पाण्याचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो याचा आकडा) १.३३३, तर २० टक्के साखरेच्या द्रावणाचा १.३६४ असतो. साध्या उपकरणाची पट्टी याच तापमानासाठी आखलेली असते. त्यामुळे ३० अंशाच्या उन्हात आकडा सुमारे ०.८ ने कमी दिसतो आणि तेवढी भर घालावी लागते.

एकाच जागचा थेंब फसवतो, कारण ऊस बुडख्याकडून शेंड्याकडे पिकत जातो. बुडख्याला २१ आणि शेंड्याला १४ लागला, तर फड (शेतातला उभा ऊस) अजून कच्चा आहे. हे अंतर मिटत आले, की तोडणीला हरकत नाही.

ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे, हे मात्र पक्के लक्षात ठेवले पाहिजे. त्यात ग्लुकोज, फ्रुक्टोज, क्षार, आम्ले असे सगळेच मोजले जाते. खरी साखर, म्हणजे सुक्रोज, प्रयोगशाळेत पोलॅरिमीटरने काढतात. सुक्रोज ध्रुवित प्रकाशाचे, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाचे, प्रतल उजवीकडे फिरवते. त्यावरून मिळणारा आकडा ‘पोल’. पोलला ब्रिक्सने भागून १०० ने गुणले की शुद्धता येते. ब्रिक्स २० आणि पोल १७.४ असेल, तर शुद्धता ८७. ८५ च्या वरचा ऊस पक्व धरतात.

हा फरक शिळ्या उसात उघडा पडतो. तोडलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीत राहिला, की पाणी उडून ब्रिक्स वाढतो. त्याच वेळी सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात. ते मिश्रण प्रकाश डावीकडे फिरवते आणि पोल उतरतो. नुसता ब्रिक्स पाहणाऱ्याला ऊस सुधारल्यासारखा वाटतो; प्रत्यक्षात शेतकऱ्याचे वजन आणि कारखान्याचा उतारा (उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली ते प्रमाण) दोन्ही गेलेले असतात.

दराचा संबंध या उताऱ्याशी आहे. २०२२-२३ पासून एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा केंद्र सरकारने ठरवलेला किमान दर, १०.२५ टक्के उतारा पायाभूत धरून ठरतो. उतारा मात्र साऱ्या कारखान्याचा सरासरी धरला जातो. त्यामुळे वेळेवर लागवड करून, पक्व ऊस ताजा पोचवणाऱ्याला त्याच्या गोडीचा वेगळा मोबदला मिळत नाही, ही या पद्धतीतली मोठी उणीव आहे.

साताऱ्यात फलटण तालुक्यातील पाडेगावचे मध्यवर्ती ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून उसावर काम करते. नवा वाण निवडताना टनेजबरोबर रसाची प्रत तपासावी लागते.

गुऱ्हाळावर मात्र गुळव्या उपकरणाविनाच काम चालवतो. काहिलीतला (रस आटवायच्या मोठ्या कढईतला) पाक ११८ अंश सेल्सिअसच्या आसपास आला, की गुळव्या चिमूटभर पाक थंड पाण्यात टाकून गोळी वळतो. गोळी काहिलीच्या काठावर मारून टणक आवाज आला, की काहील उतरवून पाक वाफ्यात, म्हणजे गूळ निववायच्या उथळ हौदात, ओततात.