टॅब बंद केला म्हणजे लॉगआउट झालं?

निपाणी, खानापूर, बेळगावच्या ऑनलाइन सेंटरांत पहाणीचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढायला, स्कॉलरशिपचा फॉर्म भरायला गर्दी असते. काम झालं की माणूस टॅब बंद करून उठतो. टॅब गेला की सगळं पुसलं जातं, हा समज वर्षानुवर्षं चालत आलाय. तो चुकीचा आहे, आणि ज्याच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही त्यालाच त्याची झळ बसते.

ब्राउझर वेबसाइटची माहिती मशीनवर वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवतो. टॅबबरोबर जाते ती फक्त सेशन स्टोरेज या कप्प्यातली माहिती. लोकल स्टोरेज या दुसऱ्या कप्प्याला मुदतच नसते; साधारण 5 एमबीपर्यंतचा मजकूर मशीन बंद-चालू केलं तरी तिथेच. इंडेक्स्डडीबी या तिसऱ्या कप्प्याचंही तेच, जागा मात्र पुष्कळ जास्त. कुकी म्हणजे वेबसाइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद; ती जेमतेम 4 केबीची, पण तुम्ही लॉगिन आहात ही खूण बहुधा तिच्यातच असते. वेबसाइटने तिला महिनाभराची मुदत दिली असेल, तर पुढच्या गिऱ्हाइकाने तीच साइट उघडताच तुमचं खातं त्याच्यासमोर येऊ शकतं!

"कॅशे क्लिअर केला" म्हणणारेही फसतात. कॅशेत साइट पुन्हा पटकन उघडावी म्हणून साठवलेली चित्रं नि फायली असतात. डेटा पुसायच्या यादीत कुकी आणि साइट डेटाचा चौकोन वेगळा, त्यावरही टिक हवी.

म्हणून आधी लॉगआउट करा, मगच उठा. इनकॉग्निटो (ब्राउझरची खाजगी विंडो) वापरत असाल तर त्याच्या सगळ्या विंडो बंद करा; एक जरी उघडी राहिली तरी लॉगिन जिवंत राहतं. डाउनलोड केलेला उतारा मात्र इनकॉग्निटोतही फोल्डरमध्ये राहतो, तो स्वतःच डिलीट करावा लागतो.