वस्तीतल्या रस्त्याची वेगमर्यादा कमी करून घ्यायची आहे? अर्ज कुणी करायचा, कुठे करायचा आणि सोबत काय जोडायचं

नवी वसाहत होते तेव्हा तिच्यातला रस्ता बहुतेक वेळा शेवटच्या घरापाशी संपतो. पुढे पलीकडेही वस्ती वाढते, रस्ता जोडला जातो आणि मुख्य रस्त्यावरचा सिग्नल चुकवणाऱ्या गाड्या आतून सुटायला लागतात. रस्त्याची रुंदी तीच राहते, पण वापर बदलतो. वेगमर्यादा मात्र जुनीच राहिलेली असते, किंवा त्या रस्त्यासाठी म्हणून कधी ठरवलेलीच नसते. ती कमी करून घेण्याची रीतसर वाट बहुतेक देशांत आहे. कलमं आणि कार्यालयांची नावं बदलतात. पायऱ्या बऱ्याच अंशी सारख्याच असतात.

आधी पाहा, अधिकार कुणाचा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच अडकतात. रस्ता एकाच्या ताब्यात, वेग ठरवण्याचा अधिकार दुसऱ्याला आणि दंड करणारे तिसरेच, अशी वाटणी सर्रास असते. भारतात मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ११२ नुसार कमाल वेग केंद्र सरकार ठरवतं. ६ एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणे नगरपालिका हद्दीतल्या रस्त्यांवर मोटारीसाठी तो ताशी ७० किलोमीटर आहे आणि दुचाकीसाठी ६०. वस्तीतल्या रस्त्याला हा आकडा लावणं म्हणजे थट्टाच. पण तो वरची मर्यादा सांगतो, इतकंच. त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार राज्य सरकार किंवा त्याने अधिकार दिलेला अधिकारी सार्वजनिक सुरक्षिततेसाठी किंवा रस्त्याचं स्वरूप पाहून एखाद्या ठिकाणी वेग आणखी खाली आणू शकतो. त्यासाठी राजपत्रात अधिसूचना लागते आणि कलम ११६ खाली फलक उभे करावे लागतात. निर्बंध महिनाभरापेक्षा जास्त काळाचा नसेल तर अधिसूचनेची गरज नाही. ही सवलत फारशी कुणी वापरत नाही, पण प्रयोग म्हणून मर्यादा लावून बघायची असेल तर ती कामाची आहे.

इतरत्र मांडणी वेगळी आहे. इंग्लंडमध्ये स्थानिक महामार्ग प्राधिकरण १९८४ च्या कायद्याखाली वाहतूक नियमन आदेश काढतं. स्पेनमध्ये मे २०२१ पासून शहरी हद्दीत दोन्ही दिशांना एकेकच मार्गिका असलेल्या रस्त्यांवर ताशी ३० किलोमीटरची मर्यादा देशभर लागू आहे, त्यामुळे तिथे रस्त्यागणिक अर्ज करत बसावं लागत नाही. म्हणून पहिलं काम: आपला रस्ता नगरपालिकेकडे आहे, बांधकाम खात्याकडे आहे की अजून विकासकानेच हस्तांतरित केलेला नाही, हे लेखी विचारून घ्या. वाढत्या गावात तिसरी शक्यता बरीच आढळते. अशा वेळी आधी हस्तांतराचा पाठपुरावा करावा लागतो, मग वेगाचा.

कोण अर्ज करू शकतं, आणि कुठला रस्ता बसतो

अर्जदार म्हणून रहिवासी, गृहसंस्था, शाळा, लोकप्रतिनिधी असं कुणीही चालतं. काही ठिकाणी रस्त्यालगतच्या ठरावीक टक्के घरांच्या सह्या मागतात. नियमात अट नसली तरी सह्या जोडाव्यात, पण त्या रस्त्यालगत राहणाऱ्यांच्याच. दुसऱ्या टोकाच्या वसाहतीतल्या दोनशे सह्यांपेक्षा त्या रस्त्यावरच्या वीस घरांच्या सह्यांना पाहणीच्या वेळी जास्त किंमत असते.

रस्त्याची पात्रता ठरवताना अधिकारी साधारणपणे पाहतात ते असं: दोन्ही बाजूंना घरांची दारं थेट रस्त्यावर उघडतात का, पदपथ आहे का, शाळा, दवाखाना किंवा खेळाचं मैदान जवळ आहे का, वळणावर समोरचं दिसतं का, आणि रस्ता बसमार्ग किंवा मुख्य जोडरस्ता आहे का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असेल तर अर्ज फेटाळला जाईलच असं नाही, पण हरकती येतील हे धरून चाला. वेल्समध्ये १७ सप्टेंबर २०२३ ला ताशी ३० मैलांच्या बहुतेक रस्त्यांची मर्यादा २० मैल झाली आणि विरोधाच्या याचिकेवर चार लाखांहून जास्त सह्या पडल्या. कोणते रस्ते अपवाद ठेवायचे याची मार्गदर्शक तत्त्वं पुढच्याच वर्षी सुधारावी लागली. तेव्हा सगळ्या गावासाठी सरसकट मागणी करण्यापेक्षा रस्त्याचा तुकडा नेमका सांगा: या चौकापासून त्या पुलापर्यंत.

कागदपत्रं

नकाशा, सह्या, ग्रामसभेचा किंवा गृहसंस्थेचा ठराव आणि धोक्याच्या जागांचे तारीख-वेळेसह फोटो एवढं तर जोडाच. अपघातांची नोंद पोलिसांकडून घ्या. भारतात ती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. नोंदीत काहीच निघालं नाही तर खचू नका. किरकोळ धडका नोंदवल्याच जात नाहीत. धोका जाणवतो म्हणून मुलांना बाहेर सोडणंच लोक बंद करतात, तेव्हाही कागदावर अपघात शून्यच दिसतात. हे अर्जात एका वाक्यात लिहा.

खरा भार पेलतो तो वेगाचा तक्ता. ‘गाड्या भरधाव जातात’ हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं, त्यामुळे ते कुणी वाचत नाही. आकडे वाचले जातात. रस्त्याचा सरळ भाग निवडा, टेपने ५० मीटर मोजा आणि दोन्ही टोकांना खडूने रेघ मारा. गाडीचं पुढचं चाक पहिल्या रेघेवर आलं की मोबाइलमधलं स्टॉपवॉच सुरू करायचं आणि दुसऱ्या रेघेवर थांबवायचं. ६ सेकंद लागले तर वेग ताशी ३०, ३.६ सेकंद लागले तर ५०. रस्त्यात उतरू नका, कडेला आडोशाने उभे राहा. माणसं मोजताहेत हे दिसलं की चालक आपोआप हळू होतात. समोर दुसरी गाडी असल्यामुळे रखडलेली वाहनं मोजणीत धरू नका, आणि सकाळ, दुपार, रात्र अशा वेगवेगळ्या वेळा घ्या.

मग वेगाचे आकडे चढत्या क्रमाने लावा. शंभर गाड्या मोजल्या असतील तर ८५ व्या गाडीचा वेग पाहा. वाहतूक अभियंते हाच आकडा विचारतात: ८५ टक्के चालक ज्या वेगाने किंवा त्याहून हळू जातात तो वेग. मर्यादा याच आकड्याच्या आसपास ठेवायची, ही अमेरिकेतली जुनी रीत. माझ्या मते वस्तीसाठी ती उफराटी आहे, कारण तिथे जोरात हाकणारेच मर्यादा ठरवतात. अमेरिकेच्या वाहतूक फलक-सिग्नलांबाबतच्या डिसेंबर २०२३ च्या राष्ट्रीय संहितेतही या आकड्याचं वजन कमी करून रस्त्याचं स्वरूप, आजूबाजूची वस्ती आणि पायी चालणारे यांना जागा दिली आहे. तुमच्या अर्जाला कुणी ८५ टक्क्यांचं उत्तर दिलं तर हे दाखवा.

मर्यादा ताशी ३० किलोमीटरच का मागायची, असं विचारलं तर हिशेब साधा आहे. एका सेकंदाची प्रतिक्रिया आणि कोरड्या रस्त्यावर चांगले ब्रेक धरले तर ताशी ३० ची गाडी सुमारे १३ मीटरमध्ये थांबते. ५० ची गाडी त्या एका सेकंदातच जवळजवळ १४ मीटर पुढे गेलेली असते, म्हणजे पहिली गाडी पूर्ण थांबते त्या जागी दुसरीचा ब्रेक अजून लागलेलाही नसतो. चालणारे, सायकलवाले आणि गाड्या जिथे मिसळतात तिथे ताशी ३० ची मर्यादा असावी, अशी शिफारस रस्ता सुरक्षेवरच्या जागतिक परिषदेच्या फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यात आहे.

अर्जात मागायचं काय

नुसता फलक मागू नका. रस्ता रुंद आणि सरळ असेल तर फलकाकडे कुणी पाहत नाही. मागणी अशी लिहा: ‘सदर रस्त्याच्या अमुक ते अमुक या भागात कमाल वेग ताशी ३० कि.मी. निश्चित करावा, प्रवेशाच्या दोन्ही टोकांना फलक लावावेत, आणि स्थळपाहणी करून वेग प्रत्यक्ष कमी करणाऱ्या उपाययोजना प्रस्तावित कराव्यात.’ उपाययोजना म्हणजे रस्ता ओलांडण्यासाठी उंचावलेली पादचारी पट्टी, चौकात अरुंद केलेला रस्ता, चौकाच्या मधोमध छोटं वर्तुळ. गतिरोधक हवा असेल तर प्रमाणित मापाचाच मागा. भारतीय रस्ते काँग्रेस, म्हणजे रस्त्यांचे मानदंड ठरवणारी संस्था, हिच्या १९८८ च्या मार्गदर्शक तत्त्वांत (ती २०१८ मध्ये सुधारली गेली) गोलाकार गतिरोधकाचं माप ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असं होतं. रातोरात डांबराचा उंचवटा टाकला की रुग्णवाहिका आणि दुचाकीस्वार दोघांचीही पाठ मोडते, आणि पुढच्या रीतसर मागणीलाही खोडा बसतो.

पुढे काय होतं

अर्ज आवक विभागात द्या आणि आवक क्रमांक व तारखेसह पोच घ्या. एकेक प्रत वाहतूक पोलिसांना आणि रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना. नंतर स्थळपाहणी, खात्याची स्वतःची मोजणी, पोलिसांचा अभिप्राय आणि बऱ्याच ठिकाणी हरकती-सूचनांची मुदत. पाहणीच्या दिवशी कुणीतरी हजर राहा. अधिकारी दुपारी बाराला आले आणि रस्ता मोकळा दिसला तर शाळा सुटतानाचे फोटो दाखवायला तिथे माणूस हवा.

नकार आला तर कारण लेखी मागा. ‘निकषांत बसत नाही’ एवढंच उत्तर पुरेसं नाही. कोणता निकष आणि किती मोजलं, हे विचारा. मंजुरी मिळाली तर आदेशाची प्रत ठेवा आणि फलकावरचा आकडा व जागा तिच्याशी ताडून पाहा, कारण या दोन्हींत तफावत असेल तर झालेला दंड कोर्टात टिकवणं अवघड जातं. फलक लागल्यावर त्याच जागी, त्याच वेळांना पुन्हा मोजणी करा. ८५ व्या गाडीचा वेग फारसा उतरला नसेल तर रस्त्याच्या रचनेत बदल मागणारा दुसरा अर्ज करताना दोन्ही तक्ते शेजारी शेजारी जोडा.