तू तर लांब आहेस, तुला काय होतंय?

मायदेशात मोठी दुर्घटना घडते आणि परदेशात राहणारा माणूस रात्रभर फोन हातात धरून बसतो. सकाळी कोणीतरी समजूत घालतं, "तू तर सुखरूप आहेस ना? मग एवढं कशाला जिवाला लावून घेतोस?" जितकं अंतर जास्त तितका धक्का कमी, हे यात गृहीतच धरलेलं असतं. भूकंपाच्या लाटांना हा नियम लागू पडतो. माणसांना पडत नाही.

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर मानसशास्त्रज्ञ रॉक्सेन सिल्व्हर आणि सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क शहराबाहेरच्या अमेरिकनांची पाहणी केली. दोन महिने उलटल्यावरही सुमारे १७ टक्के लोकांमध्ये आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती. २०१३ च्या बोस्टन मॅरेथॉन स्फोटांनंतर तर आणखी चक्रावणारी गोष्ट दिसली. पुढचा आठवडाभर रोज सहा किंवा जास्त तास त्या बातम्या पाहणाऱ्यांनी सांगितलेला तीव्र ताण स्फोटांशी प्रत्यक्ष संबंध आलेल्यांपेक्षाही जास्त होता. आधीच घाबरट असलेला माणूस बातम्याही जास्त पाहतो, ही शंका रास्त आहे. संशोधकांनी पूर्वीचं मानसिक आरोग्य हिशोबात धरलं होतं, तरी कारण कोणतं आणि परिणाम कोणता, ही गाठ पुरती सुटलेली नाही.

शरीरात काय चालतं ते मात्र बरंच ठाऊक आहे, आणि ती यंत्रणा मला फार आवडते. धोक्याची चाहूल लागली की मेंदूच्या तळाशी असलेला हायपोथॅलॅमस सीआरएच नावाचं संप्रेरक सोडतो. त्यामुळे खालची पियुषिका ग्रंथी एसीटीएच हे दुसरं संप्रेरक सोडते. ते रक्तातून मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथींपर्यंत पोचतं आणि तिथून कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक बाहेर पडतं. खरी गंमत पुढे आहे. हेच कॉर्टिसॉल मेंदूत परत जाऊन हायपोथॅलॅमसला आणि पियुषिकेला 'आता पुरे' असं सांगतं. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद होतो, तसंच. त्यासाठी दोन प्रकारचे ग्राहक-रेणू, म्हणजे पेशींमधले कॉर्टिसॉलला पकडणारे रेणू, लागतात. एमआर प्रकारचे ग्राहक कॉर्टिसॉलला इतके घट्ट धरतात की एरवीच्या थोड्या पातळीलाही ते बहुतेक भरलेले असतात. जीआर प्रकारचे ग्राहक मात्र पातळी चढल्यावरच भरू लागतात आणि मुख्यतः तेच यंत्रणा बंद करतात. म्हणजे बंद करण्याचा खटका चढलेल्या कॉर्टिसॉलवरच चालतो!

यातले वेळाचे आकडे महत्त्वाचे आहेत. ताण सुरू झाल्यावर कॉर्टिसॉल शिखराला पोचायला साधारण २० ते ३० मिनिटं लागतात आणि रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला तास-दीड तास. एकदा घाबरून सुटका झाली, तर हे चक्र व्यवस्थित मिटतं. पण दर दहा मिनिटांनी नवा व्हिडिओ, नवा आकडा, नवी अफवा येत असेल, तर उतार लागण्याआधीच वरून पुन्हा 'चालू' असा हुकूम येत राहतो. त्याच त्या ताणाला शरीर सरावतं, हेही खरं, पण बातमी दरवेळी थोडी वेगळी असते. त्यात मायदेशातला दिवस म्हणजे बऱ्याचदा परदेशातली रात्र, आणि मध्यरात्रीच्या सुमारास कॉर्टिसॉल नेमकं तळाला गेलेलं असायला हवं.

लांब असलेल्यांवर आणखी एक गोष्ट भारी पडते, ती म्हणजे अनिश्चितता. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोक संगणकाच्या पडद्यावरचे दगड उलटत होते. दगडाखाली साप निघाला की हाताला विजेचा झटका. घामाचं आणि डोळ्यांच्या बाहुल्यांचं मोजमाप चालू होतं. झटका बसणारच, हे पक्कं ठाऊक असतानाचा ताण कमी निघाला आणि शक्यता बरोबर ५० टक्के असतानाचा सर्वांत जास्त. घरचा फोन लागत नाही तेव्हाची अवस्था याच पन्नास टक्क्यांच्या आसपासची. जवळ असलेला माणूस निदान धावत जाऊन पाहू शकतो.

अशा वेळी "मला आदल्या रात्रीच काहीतरी वाईट घडणार असं वाटलं होतं" असं सांगणारेही भेटतात. जेनिफर टॅलरिको आणि डेव्हिड रुबिन या मानसशास्त्रज्ञांनी १२ सप्टेंबर २००१ रोजी विद्यार्थ्यांकडून हल्ल्याची बातमी कशी कळली ती आठवण आणि एक साधी रोजची आठवण लिहून घेतली. पुढच्या काही महिन्यांत दोन्ही सारख्याच बदलत गेल्या, फक्त हल्ल्याच्या आठवणीवरचा विश्वास तसाच पक्का राहिला. तेव्हा पूर्वसूचनेचा दावा करणाऱ्याने आदल्या रात्री तारीख घालून लिहिलेला कागद दाखवावा. 'कॉर्टिसॉल उतरवणारी' चूर्णं विकणाऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लेस्ली सेल्टझर या संशोधिकेने मुलींना अनोळखी परीक्षकांसमोर भाषण करायला आणि गणितं सोडवायला लावलं. नंतर आईशी फोनवर बोललेल्या मुलींचं कॉर्टिसॉल उतरलं, आणि जिव्हाळ्याशी जोडलेलं ऑक्सिटोसिन हे संप्रेरक वाढलं. आईशी नुसती संदेशांची देवाणघेवाण केलेल्यांचं कॉर्टिसॉल मात्र आईशी काहीच संपर्क नसलेल्यांइतकंच चढलेलं राहिलं. शाळकरी मुलींवरचा, भाषणाच्या ताणावरचा हा प्रयोग परदेशातल्या प्रौढांना जसाच्या तसा लावता येणार नाही. पण "सगळे ठीक आहोत" असा मेसेज आल्यावरही आवाज ऐकल्याशिवाय चैन का पडत नाही, याचं संप्रेरकांतलं एक कारण त्यात दिसतं.