ताणाला तोंड देण्याच्या तऱ्हा आणि कॉलेजचे विद्यार्थी: पार्श्वभूमी

मनोविश्लेषक ॲना फ्रॉइड यांनी १९३६ मध्ये मनाच्या संरक्षण यंत्रणांची, म्हणजे त्रासदायक भावनांपासून मन स्वतःला वाचवतं त्या तऱ्हांची, मांडणी केली, पण त्या नकळत चालणाऱ्या. त्याच वर्षी हान्स सेली यांनी उंदरांवरच्या प्रयोगांतून ताणाचा शरीरावरचा परिणाम दाखवला. अडचणीत सापडलेला माणूस समजून-उमजून काय करतो, हा प्रश्न ऐरणीवर आणला तो मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांनी, १९६६ मध्ये. एकच प्रसंग एकाला संकट वाटतो, दुसऱ्याला आव्हान. ताण किती, हे त्यावर ठरतं, असं त्यांचं म्हणणं.

विद्यार्थी या संशोधनात आले ते बरेचसे सोयीपोटी. प्राध्यापकांच्या हाताशी तेच होते, आणि परीक्षेची तारीख आधीच ठरलेली असते. सुझन फोकमन आणि लाझारस यांनी १९८५ च्या अभ्यासात १०८ विद्यार्थ्यांना एकाच परीक्षेच्या निमित्ताने तीनदा गाठलं: पेपरच्या दोन दिवस आधी, पेपर झाल्यावर पण निकालाआधी, आणि निकालानंतर. आधी भर होता अभ्यासाच्या आखणीवर. पेपर देऊन झाला, हातात काही उरलं नाही, तेव्हा तो विषयच डोक्यातून बाजूला सारणं वाढलं. म्हणजे टाळाटाळ वाईटच, असं सरसकट म्हणायची सोय राहिली नाही.

पुढचा पुरावा मात्र अवचित हाती आला. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांची मनःस्थिती नोंदवून ठेवली होती. दोनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबर १९८९ रोजी, त्याच भागात लोमा प्रिएटाचा भूकंप झाला. दुःख उगाळत बसण्याची सवय ज्यांना आधीपासून होती, त्यांच्यात सात आठवड्यांनंतरही नैराश्याची लक्षणं जास्त दिसली. अशी आधीची नोंद क्वचितच मिळते. एरवी आपत्तीनंतरच प्रश्नावली वाटल्या जातात.

१९९८ मध्ये जेम्स ग्रॉस यांनी शस्त्रक्रियेची किळसवाणी फिल्म दाखवून पाहिलं. तटस्थपणे बघायला सांगितलेल्यांना किळस कमी वाटली. चेहरा कोरा ठेवणाऱ्यांना ती तेवढीच वाटली, वर शरीरावरचा ताण वाढला. यावरून 'भावना दाबू नका' हा सल्ला लोकप्रिय झाला, जरा घाईनेच. २००४ मध्ये जॉर्ज बोनॅनो यांनी ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांच्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये कॉलेजात दाखल झालेले विद्यार्थी तपासले. ज्यांना भावना मोकळ्याही करता येत होत्या आणि आवरताही येत होत्या, त्यांचा मानसिक त्रास पुढे कमी राहिला.